आवाज बदललेला गिअरबॉक्स

बाई गेल्याचं कळलं तेव्हा मी सिरोंच्याला, माहेरी होते. अंगणात मिरच्या वाळत होत्या, आई शेजारणीशी तेलुगूत काहीबाही बोलत होती, आणि सुट्टीचा एक दिवस नुसतं बसून काढायचा असं मी ठरवलं होतं. बाईंच्या यजमानांचा, प्रकाशभाऊंचा फोन आला. "सुनंदाबाई… वंदना गेली जी," एवढंच ते म्हणाले, आणि मग फोनवर दुसऱ्याच माणसांचे आवाज येत राहिले. फोन ठेवायचं त्यांना सुचलं नाही, मलाही सुचलं नाही. आलापल्लीपर्यंतचा तो रस्ता ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं काही सांगायला नको. बस खड्डे चुकवत हळूहळू जात होती आणि मी मांडीवर पिशवी धरून बसले होते. चंद्रपूरला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. घरात परित्राण पाठ चालू होता, पांढऱ्या साड्या नेसलेल्या नागभीडच्या नातेवाईक बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी मागच्या भिंतीला टेकले. रडू आलं नाही… फार थकल्यासारखं झालं, एवढं आठवतं. त्याला आता काही आठवडे झाले. ते थकलेपण अजून अंगात आहे.

वंदना रामटेके आमच्या कॉलेजात यंत्र विभागात शिकवायच्या, मी इलेक्ट्रॉनिक्सला. त्या माझ्याहून मोठ्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायचे आणि त्या मला चेष्टेनं सुनंदाबाई म्हणायच्या. त्यांचे वडील रेल्वेत होते, लहानपण नागभीडच्या क्वार्टरमध्ये गेलेलं. वर्गात त्या अगदी पुस्तकी मराठी बोलत. वर्गाचं दार ओलांडलं की झाडी बोली सुरू. ती ऐकून नवी पोरं आधी दचकत आणि मग सैलावत. अंगानं बारीक, केस घट्ट बांधलेले, पदर कमरेला खोचलेला. वर्कशॉपमध्ये कोळशाची इतकी धूळ येते की सकाळी पुसलेलं टेबल दुपारी पुन्हा काळं होतं. बाई ते पुन्हा पुसायच्या. "काऊन पुसता? परत होणारच आहे," असं मी एकदा म्हटलं होतं. "जेवलं तरी परत भूक लागते ना," त्या म्हणाल्या आणि पुसत राहिल्या.

रोबोटचं खूळ बाईंचं नव्हतं, पोरांचं होतं. कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या कॉलेजात स्पर्धा होते, तिथं आपणही जाऊ, असं एका वर्षीच्या पोरांनी डोक्यात घेतलं. यंत्राचा भाग बाईंकडे आणि वायरींचा माझ्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली. माझा भाग चालायचा. बाईंचा मोडायचा. दरवर्षी मोडायचा, आणि दरवर्षी एकच भाग मोडायचा… गिअरबॉक्स. तो काय असतो हे त्या पोरांना कसं सांगायच्या ते मला पाठ झालं होतं. "मोटर म्हणजे धावत सुटलेला मानूस. त्याच्या डोक्यावर धानाचं पोतं द्या, तो तिथंच पडनार. गिअरबॉक्स त्याले म्हणते, बापू, हळू चाल, पन पोतं घेऊन चाल." मग लहान चाकाचे दाते मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकवून हातानं फिरवून दाखवायच्या. लहान चाक भरभर फिरे, मोठं सावकाश. पोरं माना डोलवत. आणि दोन महिन्यांनी तेच मोठं चाक दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखं टेबलावर पडलेलं असे.

पहिल्या वर्षी प्लास्टिकची चाकं होती, ती साहजिकच गेली. दुसऱ्या वर्षी लोखंडी आणली, तर चाक शाफ्टवर, म्हणजे मधल्या आसावर, घट्ट धरून ठेवणारा बारका स्क्रू सैल व्हायला लागला. मोटर फिरतेय, शाफ्ट फिरतोय, चाक मात्र जागच्या जागी. ते सुधारलं तर शाफ्टच वाकला. शाफ्ट जाड केला तर बेअरिंगनं मान टाकली. एकदा तर स्पर्धेच्या मैदानात पाऊल ठेवल्या ठेवल्या आमचा रोबोट गोल गोल फिरू लागला, कारण एका बाजूचा गिअरबॉक्स गेला होता आणि दुसऱ्या बाजूचा चांगला होता. लोक हसले. आमची पोरंही हसली, दुसरं काय करणार… बाई हसल्या नाहीत. गाडीत खिडकीजवळ बसून त्यांनी तो गिअरबॉक्स वर्तमानपत्रावर खोलला आणि बल्लारशा येईपर्यंत एकेक दात बोटानं चाचपत राहिल्या. प्राचार्य दरवर्षी म्हणत, "मॅडम, एकदा तरी काहीतरी घेऊन या." बाई "हो सर" म्हणत. स्टाफरूममध्ये येऊन खुर्चीत बसल्या की मात्र डोळे मिटून घेत. "थकून गेली जी मी या डब्ब्यापाई," म्हणत. पण पुढच्या वर्षीची पोरं दाराशी आली की उठत.

मग प्रणाली आली. प्रणाली मडावी, कुरखेड्याजवळच्या एका गावची. घरी धानाची शेती, मोहफुलाच्या दिवसांत अख्खं घर जंगलात. ही मुलगी फार बोलत नसे. तिचे हात मात्र सारखे कशात ना कशात असत. गाव लांबचं, म्हणून ती होस्टेलला राहायची. ती रोबोटच्या हाताचा गिअरबॉक्स करायची, म्हणजे वजन उचलणाऱ्या दांड्याचा. तिनं केलेला पहिला गिअरबॉक्स मोडला, दुसराही मोडला. तिसऱ्याच्या वेळी बाईंनी तिला सांगितलं, "हात वजन उचलून राह्यला ना, तवा दोन्ही पट्ट्यांवर बोटं ठेव. डोळ्यानं पाहू नको." गिअरबॉक्स दोन पट्ट्यांच्या मध्ये बसवलेला असतो. प्रणालीनं बोटं ठेवली. मोटर सुरू केली. "मॅडम, फाकून राह्यल्या," ती म्हणाली. बाईंनी तिची बोटं बाजूला करून आपली ठेवली. खरंच, जोर पडला की पट्ट्या कणभर लांब जात होत्या, त्यांच्याबरोबर चाकं एकमेकांपासून सरकत होती, आणि दाते पूर्ण अडकण्याऐवजी टोकांवर टेकून तुटत होते. इतकी वर्षं आम्ही चाकांना दोष देत होतो. बाई स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "घरच हालून राह्यलं होतं, आन् आपन मानसायले बदलत होतो." त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा मोकळं हसताना पाहिलं.

जाड पट्ट्या आल्या, मध्ये आधाराचे खांब आले, आणि तो गिअरबॉक्स मोडला नाही. आठवडा झाला, महिना झाला, मोडला नाही. त्या वर्षी आम्ही पुण्याकडे गेलो तेव्हा लाकडी खोक्यात ठेवलेल्या रोबोटभोवती पोरं लग्नातल्या वऱ्हाडासारखी बसली होती. खेळाचा नियम असा होता की संघातल्या एकानं जवळ उभं राहून रोबोटच्या पंजात हातानं एक जड पिशवी द्यायची आणि रोबोटनं ती उंच टोपलीत टाकायची. आमचा रोबोट सावकाश होता पण एकही पिशवी पाडत नव्हता. एकेक फेरी जिंकत आम्ही शेवटच्या आठांत आलो. आमच्या कॉलेजचं नाव माइकवर घेणाऱ्या माणसाला चंद्रपूर कुठं आहे ते नीट माहीत नव्हतं, तरी तो ते पुन्हा पुन्हा घेत होता. पोरांचे चेहरे असे झाले होते की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

पुढच्या फेरीआधी बाहेर रोबोटचा हात वरखाली करून बघताना बाईंनी एकदम आपला हात वर केला. "थांबव." प्रणालीनं मोटर बंद केली. "परत चालव." मोटर सुरू झाली. मला काहीच कळलं नाही. नीट कान दिल्यावर ऐकू आलं, हात वर जाताना मध्येच एक बारीक टिक्… आणि थोड्या वेळानं पुन्हा टिक्. आमच्या फेरीचा पुकारा सुरू झाला होता. गिअरबॉक्स खोलायचा तर आधी हात उतरवावा लागे, साखळी काढावी लागे. तेवढा वेळ नव्हता. बाई म्हणाल्या, "आपन खेळनार नाई."

पोरांना आधी ती चेष्टा वाटली. प्रणालीला वाटली नाही. "मॅडम, तो माह्या हातचा आहे," ती म्हणाली. "टिकते तो. मले माहीत आहे."

"दात तुटला आन् हात खाली आला, त खाली पोराचं डोकं राहते."

"नाई तुटत मॅडम."

"तुले कसं माहीत?"

"तुमाले तरी कसं माहीत?"

 बाई आयोजकांच्या टेबलाशी गेल्या, संघाचं नाव मागे घेतलं आणि परत येऊन खोक्याचं झाकण उचलून धरलं, पोरांनी रोबोट आत ठेवावा म्हणून. कोणी पुढे येईना. शेवटी मी आणि बाईंनीच तो उचलला. समोरचा संघ न खेळता पुढे गेला. परतीच्या गाडीत प्रणाली वरच्या बर्थवर भिंतीकडे तोंड करून जी झोपली ती चंद्रपूर येईपर्यंत तशीच. ती झोपलेली नव्हती, ते आम्हा दोघींनाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्कशॉपमध्ये गिअरबॉक्स खोलला. सगळा संघ टेबलाभोवती उभा होता. बाईंनी एकेक चाक काढून डिझेलमध्ये धुतलं, पुसलं, उजेडात धरलं. सगळे दाते शाबूत होते. कुठं चीर नाही, कुठं घासलेलं नाही. मग खालच्या ग्रीसमध्ये नखाएवढा एक हिरवा तुकडा सापडला. वायरी बांधायला प्लास्टिकची पट्टी वापरतात, तिचं कापलेलं टोक. ते चाकाच्या कडेला लागून टिक् टिक् वाजत होतं. तेवढंच. त्यानं काहीही तुटलं नसतं. आम्ही खेळलो असतो, कदाचित जिंकलोही असतो. बाईंनी तो तुकडा तळहातावर घेतला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाल्या, "मी चुकली. गिअर चांगला होता. तुमची मेहनत म्या पान्यात घातली जी." हे त्या शुद्ध मराठीत म्हणू शकल्या असत्या, वर्गात म्हणत तसं. त्या आपल्या बोलीत म्हणाल्या.  प्रणालीनं धुतलेली चाकं उचलली, पुन्हा शाफ्टवर चढवली आणि हात धुवून निघून गेली.

त्या उन्हाळ्यात ती पास झाली, पुण्याकडे एका कारखान्यात लागली. बाईंना तिचा फोन आला नाही. दिवाळीला नाही, बुद्धपौर्णिमेलाही नाही. बाकीच्या पोरांचे यायचे. एकदा चहा पिताना मी विचारलं, "बाई, पुन्हा तसाच आवाज आला तर?" त्यांनी कप हातात फिरवला. "परत बी नाईच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "आन् परत बी चुकली असती." मग पदरानं घाम टिपून तासाला गेल्या. पुढच्या वर्षी रोबोट नवा, खेळ नवा, संघ नवा. आणि गिअरबॉक्स? तो पहिल्याच फेरीत मोडला. हे लिहितानाही मला दमायला होतं.

त्यांचा अशक्तपणा पहिल्यांदा आम्ही परीक्षेच्या कामावर ढकलला. मग उन्हाळ्यावर ढकलला, चंद्रपूरचा उन्हाळा काही सोसण्यासारखा नसतोच. पोटात गाठ निघाली तेव्हा ती बरीच वाढलेली होती. नागपूरला ऑपरेशन झालं. त्यानंतर केमोचे डोस सुरू झाले, केस गेले, घट्ट अंबाडा बांधणारी बाई स्कार्फ बांधून यायला लागली. मध्ये थोडं बरं वाटलं की त्या वर्कशॉपला यायच्या, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पोरांना हे घे, ते सोड असं सांगायच्या. प्रकाशभाऊ स्कूटर घेऊन बाहेर थांबलेले असत. एकदा ते मला म्हणाले, "घरी राह्यली त भिंतीकडे पाहत बसते जी. इथी आली त निदान त्या डब्ब्याले शिव्या तरी देते."

यंदा पाऊस सरल्यावर एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले होते. बाई पलंगावर, उशांना टेकून. दार वाजलं आणि प्रणाली आत आली. मी आधी ओळखलंच नाही. अंगानं भरलेली, केस कापलेले, हातात फळांची पिशवी. कोणाकडून तरी कळलं म्हणून सुट्टी काढून आली होती. ती पलंगाच्या पायथ्याशी बसली, काही न बोलता बाईंचे पाय चेपू लागली. बाईंनी विचारलं, धान कसं आहे, आई कशी आहे. ती उत्तरं देत होती. मग हात थांबवून म्हणाली, "मॅडम, मी तुमच्यावर रागावली नोती. मले तोंड दाखवाची लाज वाटत होती. तो हिरवा तुकडा माहाच होता. मीच पट्टी कापली आन् टोक उचललं नाई. तुमी खोलला तवाच मले समजलं, पन सगळ्यायच्या समोर बोलताच आलं नाई."

 "मले माहीत होतं," बाई म्हणाल्या.

"कसं?"

"हिरव्या पट्ट्या तूच त आनल्या होत्या गावावरून येतानी. बाकी सगळ्यायच्या काळ्या होत्या."

प्रणालीचा चेहरा मी विसरू शकत नाही. "मंग बोलल्या काऊन नाई? मी चुकली, मी चुकली म्हणत राह्यल्या सगळ्यायसमोर…"

"खोटं नोती बोलून राह्यली मी," बाई म्हणाल्या. इतकं बोलूनच त्यांना धाप लागली होती. "नाई म्हणनारी मीच होती ना. तुकडा काय, कोनाचाबी पडते."

प्रणालीनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले, चहा ठेवायला, खरं म्हणजे तिथं नसावं म्हणून. प्रकाशभाऊ तिथं गॅसजवळ उभे होते. चहा त्यांनी आधीच ठेवला होता, आणि तो उतू जाऊन खाली ओघळत होता… आम्ही दोघंही त्याकडे नुसतं बघत राहिलो. परत आले तर प्रणाली मोबाइलवर बाईंना तिच्या कारखान्यातलं कुठलंसं यंत्र दाखवत होती आणि बाई डोळे बारीक करून विचारत होत्या, "आन् याचे दाते कोन पाहते?" "मीच पाहतो मॅडम," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात. बाई उशीवर मागं टेकल्या. मी त्यांना जागेपणी नीट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. त्यानंतर दोनदा गेले, पण त्या झोपेतच होत्या.

आता वर्कशॉपही माझ्याकडे आलं आहे. दाते, शाफ्ट, बेअरिंग यांतलं मला अजून निम्मं कळत नाही. यंत्र विभागात नवीन माणूस येईपर्यंत सांभाळा, असं प्राचार्यांनी सांगितलं आहे. एक गोष्ट सांगायची राहिली. पुण्याहून परतल्यावर बाईंनी गिअरबॉक्सचं लोखंडी झाकण काढून टाकलं होतं आणि त्याजागी जाड, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण बसवलं होतं, न खोलता आतलं दिसावं म्हणून. तेव्हापासून प्रत्येक वर्षीच्या रोबोटला तसंच झाकण असतं. यंदाची पोरं कुरकुरली, की मॅडम हे तडकतं, लोखंडी लावू या. मी नको म्हटलं. कारण विचारलं नाही त्यांनी, मीही सांगितलं नाही. या झाकणाची एक कटकट आहे. चाकं ग्रीस उडवतात, ते आतून बसतं, वर कोळशाची धूळ बसते, आणि आठवड्याभरात आतलं काही दिसेनासं होतं. मग चार स्क्रू काढून ते पुसावं लागतं. हे काम बाई शनिवारी दुपारी स्वतः करायच्या, पोरांना सांगत नसत. गेल्या शनिवारी मी केलं. जुन्या सुती ओढणीच्या फडक्यानं घासून घासून पुसलं, उजेडात धरून बघितलं, परत लावलं, चारही स्क्रू आवळले. मोटर सुरू करा म्हटलं. पोरं बोलत होती, ती आपोआप गप्प झाली. सगळ्यांच्या माना थोड्या कलल्या. आत लहान चाक भरभर फिरत होतं, मोठं सावकाश… रोबोटचा हात वर गेला, खाली आला. मी पुन्हा वर न्यायला सांगितलं.

आवाज बरा होता.